जबानीतून गाळलेला 'रे'

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सहासष्ट, धंदा मैदानावर ग्लायडरचा दोर ओढणे, सध्या बिनकामाचा, राहणार मैदानामागच्या पत्र्याच्या रांगेतील शेवटची खोली, हे माझे मृत्युपत्र लिहीत आहे. फुप्फुसांनी दगा दिला असला तरी डोके जागेवर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत टाचला आहे. मला कोणी दम दिलेला नाही, फूस लावलेली नाही, आणि मी काही प्यालेलोही नाही. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात खोली होती, विंच होती, हत्यारे होती. जे लिहायला हवे होते तेवढे नव्हते.

वकील म्हणाले, कारण शेवटी लिहिले की लोक तिथपर्यंत पोचत नाहीत, म्हणून कारण आधी लिहितो. चौदा वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, ग्लायडरसकट मैदानावर पडला आणि गेला. चौकशीत ठरले की चूक त्याची. माझी वहिनी तेव्हापासून मानत आली आहे की चूक तिची, कारण त्या सकाळी ती त्याला टाकून बोलली होती. चूक माझी होती. हे वहिनीला कळावे, आणि कळलेले तिच्याकडे राहावे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. बाकीची कलमे रीत म्हणून आहेत.

१. या कागदाची अंमलबजावणी माझ्या पुतणीने करावी. लहानपणी ती मैदानावरच्या शेडच्या खांबांवर सरसर चढायची म्हणून सगळे तिला खारू म्हणतात, आणि चाळिशीला टेकली तरी त्यातून तिची सुटका झालेली नाही. ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. एक नमुना दोनदा तपासल्याशिवाय ती अहवालावर सही करत नाही. मला असेच माणूस हवे होते. ती उडत नाही. वडील गेल्यापासून तिने मैदानावर पाऊल ठेवलेले नाही, आणि मीही तिला कधी बोलावलेले नाही.

२. माझी खोली खारूला द्यावी. पावसात दार फुगते, तेव्हा खालच्या बाजूला लाथ न घालता वर खांदा देऊन लोटावे. खोली मैदानाच्या संघाच्या सेक्रेटरींना गोदाम म्हणून देऊ नये, तात्पुरती म्हणूनही देऊ नये. त्यांचे तात्पुरते मी बावीस वर्षे पाहिले आहे.

३. बँकेत जी काही ठेव आहे ती वहिनीच्या देखभालीला लावावी. ती इथे आकड्यात लिहून मिरवण्यासारखी नाही.

४. विंच. ज्यांना आमचे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ग्लायडर म्हणजे नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेले कापडाचे पंख. त्याखाली माणूस झोळीत पालथा लटकतो आणि समोरचा दांडा धरून अंगाच्या भाराने पंख वळवतो. डोंगर असेल तर धावत सुटून उडता येते. आमच्याकडे सगळी सपाटी, तेव्हा त्याला पतंगासारखा ओढून वर चढवावा लागतो. मैदानाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी आणि माझी विंच, मधे किलोमीटरभर दोर. मी दोर ड्रमवर गुंडाळत गेलो की तो चढतो. पुरेसा वर गेला की आपल्याजवळची कडी ओढून दोर टाकून देतो, आणि मग तो आणि त्याचा वारा.

ही विंच दादाने आणि मी मिळून जुन्या ट्रकच्या इंजिनावर बांधली. ती संघाला द्यावी, पण खालील अटी मान्य असतील तरच. नसतील तर भंगारवाल्याला द्यावी आणि ड्रमचे दोन तुकडे खारूने उभे राहून करून घ्यावेत.

पहिली अट. प्रत्येक उड्डाणाआधी माणसाने झोळीत लटकून दाखवावे. झोळीचा पट्टा पंखाला अडकवायचा राहिला आणि धावत सुटले, अशी दोन माणसे मी पाहिली आहेत. दोघेही मुरलेले होते. नवशिका हे विसरत नाही, तो घाबरलेला असतो.

दुसरी अट. दोर आणि माणूस यांच्या मधे बारीक दोरीचा एक तुकडा बांधतात, ताण हाताबाहेर गेला तर पंख मोडायच्या आधी तो तुटावा म्हणून. त्याला कच्चा दुवा म्हणतात. इतर सगळीकडे हा शब्द लोक एकमेकांना टोचायला वापरतात, आमच्याकडे त्याच्यावर जीव असतो. तो रोज नवा बांधावा. सारखा तुटतो म्हणून जो त्याला दुहेरी करून बांधेल, त्याला मैदानावर घेऊ नये, मग तो कितीही चांगला उडत असो.

तिसरी अट. कडी सरळ ताणावर सुटते का हे आम्ही रोज पाहत होतो. ती तिरक्या ताणावरही ओढून पाहावी. आम्ही कधी पाहिली नाही.

चौथी अट. विंचवर दोराच्या वाटेत एक जाड पाते बसवलेले आहे, त्याला आम्ही कोयता म्हणतो. दांडा खाली मारला की पाते पडते आणि दोर तुटतो. दर शनिवारी खरोखरीचा दोर लावून तो पाडावा. दोर वाया गेला म्हणून सेक्रेटरी कुरकुरतील, त्यांना कुरकुरू द्यावे.

पाचवी अट. मैदानावर 'सोड' हा शब्द बंद करावा. का, ते कलम सातमध्ये आहे.

५. हत्यारे. दोर सांधायच्या सुया, पाने, वंगणाची पिचकारी आणि चामड्याचे हातमोजे विंचवर माझ्यामागे जो कोण बसेल त्याला द्यावेत. ड्रिल रांगेतल्या सुताराकडे आहे. तो गेली नऊ वर्षे ते आपलेच समजतो. आता समजू द्यावे. दोन्ही जुने वॉकीटॉकी कोणाला देऊ नयेत. कपाटाच्या वरच्या खणात जुन्या चादरीत गुंडाळलेले एक हेल्मेट आहे, ते दादाचे. चौकशीवाल्यांनी परत दिले तेव्हा मी ठेवून घेतले. ते वहिनीच्या नजरेस पडू देऊ नये. शिंपीमास्तरांनी वर्षानुवर्षे मैदानाच्या झोळ्या आणि पट्टे शिवले. त्यांना काहीतरी द्यायचे मनात होते, पण ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात. मास्तर म्हणाले, "सुटलो बाबा. तुझ्या खोलीतलं काहीही माझ्या घरी आलं असतं तर बायकोने मला बाहेर काढलं असतं."

६. संघाच्या सेक्रेटरींना मी माझे स्टॉपवॉच देतो. ते चालू आहे. सराव घ्या, असे मी म्हटले की ते मनगटाकडे पाहून म्हणायचे, "वेळ कुठे आहे?" त्यांनी ते घड्याळ सुरू करून पाच सेकंद मोजावेत. दादाचे सगळे पाच सेकंदांत झाले. माझा त्यांच्यावर राग आहे. तो मी कमी करून लिहीत नाही, पण जे झाले त्याचा दोष मी त्यांच्यावर टाकत नाही. विंचवर ते नव्हते.

७. आता तो दिवस. आधी नियम सांगतो, कारण नियम माझा होता.

दादा जाण्याआधी अकरा वर्षे, एकदा वॉकीटॉकीच्या खरखरीत मी 'थांब' हा शब्द 'ताण' असा ऐकला आणि शिकायला आलेल्या एका बाईंना दहा पावले पालथे फरपटत नेले. कोपरे सोलली, बाकी निभावले. त्या दिवशी मी नियम घातला. ऐकलेला शब्द आधी जसाच्या तसा परत म्हणायचा, मग त्याप्रमाणे करायचे. मी 'ताण' म्हटले की समोरून 'ताण'. मी 'चल' म्हटले की 'चल'. उंची झाली की मी म्हणायचो 'सोड', वरून उत्तर यायचे 'सोड', आणि दोर सुटून खाली यायचा. नियमाचे फार कौतुक झाले. लांबच्या मैदानांवरून लोक येऊन तो वहीत उतरवून घेऊन गेले. मी फुशारलो होतो, ते लपवत नाही.

वरच्याची कडी अडकली तर त्याने मला काय सांगायचे, त्यासाठीही शब्द होता: 'काप'. तो ऐकला की मी कोयता पाडायचा. हा शब्द शेडमधल्या फळ्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला होता. अकरा वर्षांत तो कोणाच्या तोंडून एकदाही निघाला नाही, सरावातसुद्धा नाही. ज्या शब्दाची जिभेला सवय नाही तो घाईच्या वेळी जिभेवर येत नाही. हे मला तेव्हा सुचायला हवे होते, नियम करणारा मी होतो.

सकाळचे अकरा वाजले होते. दादाने लटकून दाखवले, कडी ओढून दाखवली, नवा दुवा बांधला. एकही गोष्ट वगळली नाही. मग वॉकीटॉकीवर म्हणाला, "घरी टाकी तासभर वाहत होती. पाणी एवढं, आणि तुझ्या वहिनीने माझी मात्र बिनपाण्याने केली. तू तरी दोर नीट गुंडाळ." आणि हसला. मी 'ताण' म्हटले, त्याने 'ताण' म्हटले. मी 'चल' म्हटले, त्याने 'चल' म्हटले आणि धावत सुटला.

तो चार मजले वर गेला असेल, तेव्हा डावीकडून वाऱ्याचा फटका आला. उजवा पंख खाली गेला आणि नाक दोराच्या रेषेतून सरकले. असे झाले की दोर त्याला आणखी कलवतो, आणि तो जितका कलतो तितका दोर आणखी ओढतो. अंगाचा भार टाकून मग सावरत नाही. कच्चा दुवा तुटेल असे वाटते, पण तो तुटण्याइतका ताण यायच्या आत जमीन येते. एवढ्या खालून झोळीतली पॅराशूटची छत्रीही उघडत नाही. मी इंजिनाचा गॅस कमी केला, पण फिरता ड्रम लगेच थांबत नाही. उपाय एकच असतो, दोर जायला हवा.

मी म्हटले, "सोड."

वरून आले, "सोड."

मी वाट पाहिली. माझा हात कोयत्याच्या दांड्यावर होता. पण त्याने शब्द परत म्हटला होता, म्हणजे त्याला ऐकू गेले होते, म्हणजे आता तो कडी ओढणार, असा माझा हिशेब. मग पुन्हा आले, "सोड... सोड रे."

परत म्हटलेल्या शब्दाला 'रे' लागत नाही. दादा माझा शब्द परत म्हणत नव्हता. त्याची कडी तिरक्या ताणावर अडकली होती, आणि धाकट्या भावाला सांगतात तसे तो मला सांगत होता की तू सोड. पहिल्या खेपेलाही तो तेच सांगत होता. आम्ही दोघे एकमेकांना एकच शब्द सांगत होतो आणि दोघेही दुसऱ्याची वाट पाहत होतो. मला तो 'रे' स्पष्ट ऐकू आला. त्याचा अर्थ लागायला मला एक सेकंद लागला. मी कोयता पाडला तेव्हा पंखाचे टोक जमिनीला लागलेले होते.

मी पळत गेलो. किलोमीटरभर अंतर आहे. दादाचा उजवा हात कडीच्या दोरीत होता, बोटांना पीळ बसलेला. ती बोटे मी सोडवली. मी सोडवली म्हणून ती चौकशीत कोणाला दिसली नाहीत. त्या वेळी माझ्या मनात लबाडी नव्हती, त्याला उताणा करायचे होते. लबाडी नंतर आली.

८. चौकशीला तीन माणसे होती. कडी पडताना चेमटली होती, तिच्यावरून काही कळण्यासारखे नव्हते, तेव्हा सगळी भिस्त माझ्या जबानीवर होती. मी सांगितले: मी 'सोड' म्हटले. त्याने 'सोड' म्हटले. मग पुन्हा 'सोड' म्हटले.

लिहून घेणारे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे त्यांनी दोनदा परत म्हटलं, पण कडी ओढली नाही?"

मी म्हणालो, "तसं म्हणता येईल."

मी खोटा शब्द एकही घातला नाही. एक अक्षर गाळले. अहवालात आले: 'वैमानिकाने सूचना ऐकली व दुजोरा दिला, परंतु अंमल केला नाही. लक्ष विचलित झाले असण्याचा संभव.' नियम शाबूत राहिला. माझे काम शाबूत राहिले. तीन आठवड्यांनी मैदान पुन्हा सुरू झाले आणि विंचवर मीच बसलो.

अहवाल वहिनीने वाचला आणि तिला त्यातला एकच शब्द दिसला, 'लक्ष'. त्या सकाळी ती दादाला म्हणाली होती, "टाकी वाहतेय तासभर. तुमचं लक्ष असतं तरी कुठे?" घराघरांत रोज बोलले जाते तसले वाक्य. आठवड्याने तिने मला स्वयंपाकघराच्या दारात गाठले.

"भाऊजी, खरं सांगा. वर जाताना ते गप्प होते का?"

मी म्हणालो, "जरा गप्प होता."

हे मी का म्हणालो, ते लिहायला मला चौदा वर्षे लागली. गप्प माणूस विचारात असतो, आणि विचारात असलेला माणूस कडी ओढायला विसरतो. माझी जबानी त्यावर उभी होती. ती पक्की करायला मी वहिनीला वापरले. दादाचा तो टाकीवरचा विनोद तिचा होता, तिच्यासाठीच केलेला होता, आणि तो मी खिशात घातला. मला स्वतःची किळस येते.

ज्यांनी वहिनीला आधी पाहिलेले नाही त्यांना यातले नुकसान कळणार नाही. ती मुलखाची फटकळ बाई. तिला येताना पाहिले की भाजीवाला विचारायच्या आधीच भाव उतरवायचा. मला ती "दोर ओढून ओढून अक्कल लांब झाली भाऊजींची" असे तोंडावर म्हणायची, आणि वर दादा हसायचा. चौदा वर्षांत ती कोणाला एक शब्द उणा बोललेली नाही. खारूला नाही, भाजीवाल्याला नाही, मला नाही. दिवसातून दहा वेळा उठून टाकी पाहते. दर रविवारी मला जेवायला बोलावते आणि वाढताना "पुरे का?" एवढेच विचारते. मी दर रविवारी जेवलो.

गेल्या वर्षी मी चौकशी कार्यालयाला पत्र लिहून खरे काय ते कळवले आणि अहवाल दुरुस्त करण्याची विनंती केली. उत्तर आले, दहा वर्षांपुढील कागद नियमाप्रमाणे नष्ट केले जातात, सबब कार्यवाही करता येत नाही. पत्र आणि उत्तर दोन्ही सोबत टाचली आहेत. दुरुस्त करायला कागदच उरलेला नाही. जे ठरले ते आता फक्त वहिनीच्या डोक्यात उरले आहे.

९. डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीचा फोटो उजेडाला धरला आणि मला बसायला सांगितले, तेव्हा मी ठरवले की आता वहिनीला सांगायचे. पण दोन वर्षे आधीच तिचे विसरणे सुरू झाले होते. आधी किल्ल्या, मग भाजीत दोनदा मीठ, मग आजचा वार. जुने सगळे जागच्या जागी होते. नवे राहत नव्हते. मला वाटले, एवढी मोठी गोष्ट राहील.

पहिल्यांदा सांगितले तेव्हा ती ओट्याशी उभी होती. सगळे ऐकून तिने गॅस बंद केला.

"म्हणजे टाकीमुळे नाही?"

"नाही, वहिनी. टाकीवरून तो उलट हसत होता."

"काय म्हणाले?"

मी सांगितले, बिनपाण्याने केली म्हणाला. ती हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसली. मग हसणे थांबले.

"आणि हे तुम्ही चौदा वर्षं पोटात ठेवलंत?"

"हो."

"दर रविवारी इथे बसून जेवलात?"

"हो."

"उठा."

मी उठलो. अपमान वाटला नाही. ती पुन्हा आधीसारखी बोलली होती, मला रस्त्यात रडू आले.

दुसऱ्या दिवशी दारातूनच विचारपूस करून परत फिरावे म्हणून गेलो, तर तिने दार उघडले आणि म्हणाली, "या भाऊजी, चहा टाकते." कप पुढे करताना म्हणाली, "त्या दिवशी मी त्यांना तसं बोलायला नको होतं हो. लक्षावरून."

आजवर मी तिला सात वेळा सांगितले आहे. दर वेळी तीच वाट. आधी सुटल्यासारखी होते, मग हसते, मग मला उठवते. पहिल्यांदा ते संध्याकाळपर्यंत टिकले होते. पाचव्यांदा दुपारच्या जेवणापर्यंत. सातव्यांदा मी चपला घालत असतानाच तिने मला पुन्हा आत बोलावले. खरे तिच्याकडे राहत नाही. खोटे राहते, कारण ते मी वेळेवर दिले होते.

खारूला हे दुसऱ्या खेपेला कळले. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि ते बरोबर होते. मग माझ्या खोलीवर आली, उभ्यानेच म्हणाली, "काका, आता नका सांगू तिला. तिला दर वेळी नव्याने कळतं, दर वेळी नव्याने धक्का बसतो. तुम्हाला मोकळं व्हायचंय म्हणून तिला का पिळताय?"

मी विचारले, "आणि न सांगता ठेवलं तर?"

"तर तिला वाटत राहतं की तिने बाबांना मारलं."

"मग काय करू, तू सांग."

ती खाली बसली. "मला नाही माहीत, काका," ती म्हणाली. "मी अहवाल देते. पुढे काय करायचं ते डॉक्टर सांगतात." मग तिने माझे औषध मोजून डबीत भरले आणि गेली.

१०. खारू, हे कलम तुला. वकिलांच्या मते याला कायद्याचे बळ नाही. तरी लिहितो.

ती विचारील तेव्हा सांग. आपणहून काढू नकोस, पण तिने विचारले की टाळू नकोस. टाकीमुळे नाही, बाबा हसत होते, एवढेच आधी सांग. तेवढ्यावर भागले तर थांब. पण ती हुशार बाई आहे, ती म्हणेल, मग कशामुळे? तिथे अडखळलीस तर ती पुन्हा स्वतःपाशी जाईल. तिथे माझे नाव घे. तोवर मी नसेन, तिला मला उठवायलाही लागणार नाही. मेलेल्या माणसावर दोष टाकणे फार सोपे असते, तो उठून काही बोलत नाही. मी ते चौदा वर्षे तुझ्या बाबांवर केले. आता माझ्यावर कर. इथे तो खराही आहे.

ती रागावेल, मग विसरेल, मग पुन्हा विचारील, आणि तुला पुन्हा सांगावे लागेल. कधी तुझ्याने होणार नाही. त्या दिवशी नको सांगूस, त्याचा दोषही माझ्या खात्यावर. हे किती दिवस चालेल ते मला माहीत नाही. याने काही बरे होईल असे मला वाटत नाही. खोलीला किल्ली आहे, विंचला अटी आहेत, पण माझ्याकडची खरी मालमत्ता म्हणजे हे ओझे आहे आणि ते मी तुला देऊन चाललो आहे. नाही म्हणायचा हक्क तुला आहे. तू तो वापरणार नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि त्याचीही मला लाज वाटते.

११. माझ्या देहाचे जे कमीत कमी त्रासाचे असेल ते करावे. मैदानावर नेऊ नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, मधे दमल्यामुळे दोनदा थांबलो. खाडाखोड कुठेही नाही. यात एकही अक्षर गाळलेले नाही.

ठिकाण: वहिनीचे घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: बारा मार्च, सकाळी साडेदहा

सही: विंचवाला

साक्षीदार पहिली: मृत्युपत्र करणारे गृहस्थ माझे रुग्ण आहेत. त्यांनी माझ्यासमोर वाचले व सही केली. ते पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांची बुद्धी शाबूत असल्याबद्दल मला शंका नाही.
सही: डॉक्टरीण, रांगेच्या कोपऱ्यावरचा दवाखाना

साक्षीदार दुसरा: माझ्यासमोर वाचले व सही केली. साक्षीदाराने याहून जास्त लिहू नये असे वकिलांचे म्हणणे आहे, तरी एक गोष्ट नोंदवतो. वाचन चालू असताना वहिनी टेबलाशीच बसल्या होत्या. सर्व ऐकले. त्या हसल्या, मग यांना "उठा" म्हणाल्या. हे सही करून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर वहिनींनी चहा ठेवला आणि मला हळूच विचारले, "मास्तर, त्या दिवशी वर जाताना ते गप्प होते का हो?" मी सांगितले, "नाही वहिनी, हसत होते." त्यांना फार बरे वाटलेले दिसले. मग त्यांनी चहा गाळला, आणि कप माझ्या हातात देताना तेच पुन्हा विचारले.
सही: शिंपीमास्तर